पेज, पेडवे आणि आठवड्याची सुई

मालवणात साठी ओलांडलेली चार माणसं एकत्र बसली की गजाल कुठूनही निघो, एका वाक्यापाशी येतेच: 'आमच्या वेळेक ही शुगर-बिगर काय नाय होती.' मग पुराव्यादाखल रापणीची माणसं हजर केली जातात. दांडीच्या किनाऱ्यावर पहाटे दोन टोकांना दोर धरून जाळं ओढणारे गाबीत. पाय वाळूत रोवलेले, पाठ मागे कललेली, पोट आत. शेवटचा माणूस दोर सोडून पुन्हा पाण्याच्या कडेला जायचा आणि नव्याने धरायचा. तासन्‌तास हेच. जाळं वर आलं की बांगडे, पेडवे, तारल्यांचा ढीग, त्याभोवती कावळे आणि पोरं, आणि मग ज्याचा त्याचा वाटा. ही रापण मीही पाहिली आहे, आणि त्या माणसांच्या अंगावर चरबीचा कणही नव्हता, हे खरंच आहे.

त्या सपाट पोटांच्या आत काय होतं, ते मात्र गजालीत येत नाही. ज्येष्ठ सरता सरता होड्या वर ओढून झापांखाली झाकल्या जायच्या, ते नारळी पौर्णिमेपर्यंत. तेवढे दिवस उकड्या तांदळाची पेज, सोबत सुक्या मासळीचा तुकडा, नाहीतर कुळथाची पिठी. तांदूळ संपत आले की पेजेत पाणी वाढायचं आणि चुलीत फणसाच्या आठळ्या भाजल्या जायच्या. बायका शेवटी जेवायच्या, म्हणजे टोपाच्या तळाशी उरेल ते. पोटुशीला फार खाऊ घालू नका, मूल मोठं झालं तर बाळंतपण अडेल, असं बजावणाऱ्या आज्या आमच्याही वाडीत होत्या. आज ह्याच पेजेला शहरातल्या हॉटेलात 'पारंपरिक आरोग्यदायी आहार' म्हणून दीडशे रुपये पडतात आणि ती मातीच्या वाडग्यातून येते. खाणाऱ्यांना आवडते, मलाही आवडते. पण आवडीने पेज खाणं आणि दुसरं काही नाही म्हणून पेज पिणं, ह्या दोन गोष्टी शरीरही सारख्या मानत नाही.

पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक ह्यांनी 1993 साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायका आणि त्यांची मुलं ह्यांचा अभ्यास सुरू केला. तिथली बाळं सरासरी 2.7 किलोची भरली. इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची 3.5 किलोची. आपली बाळं हडकुळी असणार, ह्यात नवल नव्हतं. नवल हे की त्यांचे स्नायू कमी होते, पोटातले अवयव लहान होते, पण कातडीखालची चरबी तितकीशी कमी नव्हती. आईच्या पोटात अन्न तुटपुंजं पडलं की शरीर बाकी सगळ्यात काटकसर करतं आणि चरबी राखून ठेवतं. असं मूल पुढे पोटभर खाऊ लागलं की त्याला साखर लवकर गाठते. 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये याज्ञिकांनी स्वतःचा आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन ह्यांचा फोटो शेजारी-शेजारी छापला. दोघांचा बीएमआय तंतोतंत सारखा, 22.3. अंगातली चरबी मात्र युडकिनसाहेबांची 9.1 टक्के आणि आपल्या डॉक्टरांची 21.2 टक्के. इतका प्रामाणिक फोटो वैद्यकाच्या मासिकात क्वचितच छापून येत असेल.

म्हणून मला वाटतं, रापणीतल्या आजोबांचं आत गेलेलं पोट आणि त्यांच्या नातवाचं पुढे आलेलं पोट ही एकाच खात्यातली जमा-खर्चाची दोन पानं आहेत. आजीच्या वेळची उपासमार नातवाच्या रक्तात साखर होऊन आली. 2023 साली आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीचे आकडे आले तेव्हा देशात 10.1 कोटी मधुमेही निघाले, म्हणजे प्रौढांमध्ये 11.4 टक्के. सगळ्यांत वरचं राज्य होतं गोवा, 26.4 टक्के. तेरेखोलची खाडी ओलांडली की गोवा. तेच मासे, तोच नारळ, तोच उकडा तांदूळ, आणि आमचा गंभीर पेशंट आजही बांबोळीच्या इस्पितळातच पळवतात. त्या आकड्याने आमच्याकडच्या गजालीत थोडा खंड पडायला हवा होता. पडला नाही.

आणि 'शुगर नव्हती' म्हणजे तरी काय? कुणी तपासली होती? माणूस सुकत जायचा, पायाची जखम चिघळायची, मग एक दिवस जायचा. लोक म्हणायचे, करणी झाली, किंवा म्हणायचे, वय झालं.

माझ्या मामाला मात्र होती, आणि ती सापडलीही होती, कारण तो मुंबईत गिरणीत होता आणि तिथे डॉक्टरकडे जाणं सोपं होतं. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला, तो मिटलाच नाही, आणि मामा ट्रंक, स्टोव्ह आणि इन्सुलिनची बाटली घेऊन मालवणला परत आला. सकाळचा त्याचा कार्यक्रम आम्हा पोरांना जत्रेइतका प्रिय होता. परीक्षानळीत बेनेडिक्टचं निळं द्रावण, त्यात ड्रॉपरने लघवीचे आठ थेंब, आणि नळी स्पिरिटच्या दिव्यावर. निळा राहिला तर साखर नाही. हिरवा, पिवळा, नारिंगी, आणि विटकरी झाला तर मामी न बोलता चहाच्या साखरेची बरणी फळीवर वर सरकवायची. ही तपासणी तशी भोळीच. रक्तातली साखर साधारण 180 च्या वर गेली तरच ती लघवीत उतरते, आणि दिसते तीही मागच्या काही तासांची. पण तेव्हा तेवढंच होतं.

मग काचेची सिरिंज उकळायची. फ्रीझ नव्हता, बाटली ओल्या वाळूत रुतवलेल्या मडक्यात असायची. मामा ती काढायचा आणि दोन तळहातांत धरून हळूहळू लाटायचा, कधी हलवायचा नाही. तळाशी बसलेला पांढरा गाळ वर उठायचा आणि बाटली दुधासारखी व्हायची. मी विचारलं होतं, पांढरं कशाने? मामा म्हणाला, औषध आहे. ते उत्तर मला पुढे अनेक वर्षांनी पुस्तकात सापडलं, आणि मालवणच्या माणसाला त्याचा विशेष आनंद व्हावा असं ते आहे: त्या पांढरेपणात माशाचं बीज होतं.

1869 साली फ्रीडरिख मीशर ह्या स्विस तरुणाने पेशींच्या केंद्रकातून एक नवा पदार्थ वेगळा काढला. तोच पुढे डीएनए म्हणून ओळखला गेला. नंतर बासेलला ऱ्हाईन नदीत सामन मासे चढून यायचे, त्या नरांच्या बीजात तो हा पदार्थ शोधू लागला, आणि 1874 मध्ये त्याला तिथे आणखी एक गोष्ट मिळाली. तिला त्याने प्रोटामाइन नाव दिलं. आपल्याकडे माशाची गाबोळी चवीने खातात. नराच्या पोटातल्या पांढऱ्या पिशव्यांना तितका मान नाही. त्या पिशव्यांत हे प्रोटामाइन भरलेलं असतं. त्याचं काम एकच: शुक्राणूच्या इवल्याशा डोक्यात लांबलचक डीएनए गच्च गुंडाळून बसवणं, सुताची लड गुंडीत आवळावी तसं. माणसाच्या शुक्राणूतही तेच. माणसात त्याचे दोन प्रकार असतात, आणि त्यांचं आपसातलं प्रमाण बिघडलेलं दिसलं की अनेकदा मूल होण्यातही अडचण दिसते.

आता ह्याचा साखरेशी काय संबंध? इन्सुलिन 1921 मध्ये टोरांटोत सापडलं आणि पुढच्या जानेवारीत माणसाला पहिल्यांदा टोचलं गेलं. पण ते काही तासांत संपायचं. दिवसातून तीन-चार वेळा सुई, रात्रीही. डेन्मार्कच्या हान्स ख्रिश्चन हागेडोर्नने 1936 मध्ये इन्सुलिनमध्ये ट्राउट माशाच्या बीजातलं प्रोटामाइन मिसळलं. प्रोटामाइनचा विद्युतभार धन, इन्सुलिनचा शरीराच्या आम्ल-अल्कली पातळीवर ऋण. दोघं एकमेकांना धरून बसतात, सहज विरघळत नाहीत, आणि कातडीखालून इन्सुलिन थोडं थोडं सुटत राहतं. 1946 मध्ये हागेडोर्नच्याच कारखान्यात ते सुधारून एनपीएच झालं. त्यातला 'एच' म्हणजे हागेडोर्न. दीर्घकाळ पुरणाऱ्या औषधांच्या घराण्यात ही एक थोरली पाती, आणि तिला जन्म दिला तो नर माशाने. सरकारी दवाखान्यातली '30-70'ची दुधी बाटली अजून त्याच तत्त्वावर चालते. प्रोटामाइनही अजून माशाच्याच बीजातलं.

मामाच्या हयातीत हे मी त्याला सांगू शकलो, आणि ते सांगायची वेळ आणली एका भूलतज्ज्ञाने. ऐंशीचं दशक सरल्यावर मामाला मुंबईत बायपासची पाळी आली. आदल्या संध्याकाळी डॉक्टरांनी तीन प्रश्न विचारले. माशाची अलर्जी आहे का? इन्सुलिन कुठलं घेता? नसबंदी झाली आहे का? मामाने पहिलाच प्रश्न अंगावर घेतला. 'माशाशिवाय माका जेवाण जायत नाय, अलर्जी खयसून येतली?' तिसऱ्या प्रश्नाला तो गप्प राहिला आणि मामीने खिडकीबाहेर पाहिलं.

प्रश्न तिन्ही एकाच कारणासाठी होते. बायपासमध्ये रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन देतात आणि शस्त्रक्रिया संपली की त्याचा असर उतरवायला प्रोटामाइन. ज्याला मासे सोसत नाहीत, ज्याने वर्षानुवर्षं एनपीएच टोचलं आहे, किंवा ज्याची नसबंदी झाली आहे, त्याच्या शरीरात प्रोटामाइनविरुद्ध प्रतिपिंडं असू शकतात आणि क्वचित जोराची प्रतिक्रिया येते. नसबंदीनंतर शुक्राणू तयार होतच राहतात, पण बाहेर पडायला वाट नसल्याने शरीर ते जिरवून टाकतं आणि त्यांना परकं समजायला लागतं. मामा तिन्हींपैकी दोन घरांत बसत होता. डॉक्टर सावध राहिले, काही झालं नाही.

नसबंदीचं मामाने तोवर कुणाला सांगितलं नव्हतं. 1976 चं साल, आणीबाणी. कुणी पैशासाठी गेलं, कुणी नोकरीवर गदा येईल म्हणून, कुणाला नेलंच. त्या एका वर्षात देशात 82 लाखांवर नसबंद्या झाल्या आणि त्यांतल्या साठ लाखांहून जास्त पुरुषांच्या. पुरुषांनी त्याचा असा धसका घेतला की आज पन्नास वर्षं होत आली तरी तो उतरलेला नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पुरुष नसबंदीचं प्रमाण 0.3 टक्के आहे. महाराष्ट्रात मात्र विवाहित बायकांपैकी जवळजवळ निम्म्यांनी स्वतःचं ऑपरेशन करून घेतलेलं आहे. खरगपूरच्या आयआयटीतले डॉ. सुजॉय गुहा सत्तरच्या दशकापासून पुरुषासाठी एक सुई तयार करत आहेत. एक बहुलक शुक्रनलिकेत टोचायचं, ते आत चिकटून राहतं आणि जाणारे शुक्राणू निकामी करतं, वर्षानुवर्षं. आयसीएमआरच्या 303 विवाहित पुरुषांवरच्या तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीचा निकाल 2023 मध्ये छापून आला: गर्भधारणा टाळण्यात 99.02 टक्के यश. दुकानात मात्र अजून नाही. इन्सुलिनला प्रयोगशाळेतून बाजारात यायला दोन वर्षंसुद्धा लागली नव्हती. मधुमेह झालेल्यांच्या रांगा होत्या, इथे रांग लागणार नाही हे कंपन्यांना ठाऊक आहे; मला तरी दुसरं मोठं कारण दिसत नाही.

आता मामीकडे वळतो, कारण तिच्याबद्दल लिहिल्याशिवाय ह्या विषयाची दुसरी बाजू कळत नाही.

मामीला लग्नानंतर बरीच वर्षं मूल नव्हतं. गिरणगावातला नवरा, मालवणात बायको, हा तेव्हा आमच्या निम्म्या घरांचा नकाशा. लालबाग-परळहून मनीऑर्डर यायची, माणूस यायचा गणपतीला, आणि जमलं तर शिमग्याला. बाईच्या महिन्यात गर्भ राहण्याजोगे दिवस सहाच्या आसपास. गणपतीची रजा आणि ते सहा दिवस जुळले तर जुळले. ह्या साध्या हिशेबाकडे सासूने, भावकीने, देवळातल्या गाऱ्हाण्यात 'व्हय महाराजा' म्हणणाऱ्या कुणीच पाहिलं नाही. दोष तिचा. तिला अंगारे, तिला उपास, तिला हळदीकुंकवाला मागची जागा. नवरा दुसरं लग्न करील ही टांगती तलवार तिच्यावर. तिने आंगणेवाडीच्या भराडीला नवस बोलला. पुढे दोन मुलगे झाले आणि श्रेय अर्थातच देवीला गेलं. मामाला तपासून घ्यावं असं कुणाच्या मनात आलं नाही. आलं असतं तर बोलणाऱ्याचं थोबाड फुटलं असतं.

गंमत अशी की ज्या परळमधून त्या मनीऑर्डरी यायच्या, तिथेच वंध्यत्वावरचं संशोधन चाललं होतं. सरकारची प्रजननसंशोधन संस्था तिथे, आणि मुंबईचं केईएम रुग्णालयही तिथे. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार ह्यांच्या कामातून 6 ऑगस्ट 1986 ला केईएममध्ये टेस्ट ट्यूब बेबी हर्षा जन्मली, तेव्हा पेपरांनी पहिलं पान दिलं. त्याही आधी, 1921 सालीच, र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं होतं आणि 1927 पासून मरेपर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालवलं. शरीरसंबंधांवर मराठीत इतकं स्पष्ट लिहिणारा माणूस आपल्याकडे होता. आपण त्याच्यावर खटले भरले.

आज चित्र पालटलं आहे, पण पुरतं नाही. एसटीच्या पाठीवर वंध्यत्वोपचाराच्या जाहिराती असतात. सहापैकी एका माणसाला आयुष्यात कधीतरी वंध्यत्वाचा अनुभव येतो, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये सांगितलं, आणि जवळजवळ निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचं कारण असतं, एकटं किंवा बाईच्या कारणाबरोबर. तरीही बाईच्या सोनोग्राफ्यांची फाईल वीतभर जाड होते तेव्हा कुठे नवरा वीर्याच्या तपासणीची प्लास्टिकची डबी हातात घ्यायला तयार होतो. डबीवर नाव न लिहिता नंबर लिहा म्हणणारे तरुण आहेत, असं तालुक्याच्या ठिकाणी लॅब चालवणारा एक मित्र सांगतो.

आणि ज्या गोष्टी तेव्हा दोन वेगळ्या दुखण्यांसारख्या वाटायच्या, त्या आता एका धाग्यात आल्या आहेत. पोटावरची चरबी नुसती साठत नाही, ती पुरुषी संप्रेरकाचं स्त्रीसंप्रेरकात रूपांतर करते. साखर वाढली की शुक्राणूंतल्या डीएनएला इजा होते, नसा आणि रक्तवाहिन्या बिघडल्या की ताठरताही जाते. डेन्मार्कमध्ये लठ्ठ पुरुषांना आठ आठवडे अगदी कमी उष्मांकाच्या आहारावर ठेवलं. सरासरी 16 किलोंवर वजन उतरलं आणि वीर्यातल्या शुक्राणूंची दाटी सुमारे दीडपट झाली. वर्षभर ज्यांनी वजन राखलं, व्यायामाने म्हणा किंवा भूक आवरणाऱ्या जीएलपी-1 वर्गातल्या औषधाने म्हणा, त्यांचा फायदा टिकला. हा निष्कर्ष 2022 चा. उलट बाजूने, आमच्याकडच्या जिममध्ये पोरं दंड फुगवायला टेस्टोस्टेरॉनच्या तेलातल्या सुया घेतात. बाहेरून संप्रेरक मिळालं की मेंदू आतला हुकूम बंद करतो आणि शुक्राणूंचं उत्पादन थांबतं. हीच सुई पुरुषांचं गर्भनिरोधक म्हणून तपासली गेली आहे, हे त्या पोरांना कुणी सांगत नाही. मर्दानी दिसण्याचा खर्च असा वसूल होतो.

मामाचा नातू पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. मागच्या मे महिन्यात बायकोला घेऊन आला. मामीने, तिचं वय आता नव्वदीकडे झुकलेलं, सुनेकडून वडे-सागोती करवून घेतली होती. नातवाने दोन वडे खाल्ले, सोलकढी घोटभर घेतली आणि उठला. मामी घाबरली. 'दोन वड्यांत हात धुतस? बरा नाय काय तुका?' मग त्याने फ्रीझ उघडून त्याच जीएलपी-1 वर्गातल्या औषधाचं पेन दाखवलं. दर रविवारी एक टोच. आपल्या आतड्यातलं मूळ जीएलपी-1 रक्तात दोन-चार मिनिटं टिकतं. औषधातल्या रेणूला चरबीच्या आम्लाची शेपूट जोडली की तो रक्तातल्या अल्ब्युमिनला धरून आठवडाभर हिंडतो. ह्या वर्गातलं पहिलं औषध सापडलं ते अमेरिकेच्या वाळवंटातल्या गिला नावाच्या विषारी सरड्याच्या लाळेतल्या रेणूवरून. 1992 मध्ये जॉन एंग ह्यांनी तो वेगळा केला, 2005 मध्ये औषध आलं. भारतात आठवड्याची अशी औषधं 2025 मध्ये धडाक्याने आली, मार्चमध्ये माउंजारो, जूनमध्ये वेगोवी. माशानंतर सरडा, असं मी म्हणालो तेव्हा नातसून हसली. मामीला हसू आलं नाही. तिने आयुष्यभर टोपाच्या तळाचं खाल्लं, आणि नातू भूक लागू नये म्हणून महिन्याला हजारो रुपये मोजतो, हे तिच्या हिशेबात बसत नव्हतं.

मामाची सुई रोजची होती. परीक्षानळी, उकळतं पाणी, तळहातांत लाटलेली बाटली, आणि घरातल्या सगळ्यांना ठाऊक असलेला आजार. नातवाची सुई आठवड्याची आणि अर्ध्या मिनिटाची, आणि त्याच्या स्वतःच्या आईला ती त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हती. औषध जितकं लांब पल्ल्याचं होत गेलं तितकं ते खासगी झालं. मला त्यात वाईट वाटण्यासारखं काही दिसत नाही. मामाच्या सिरिंज उकळण्यात सुगंध शोधणाऱ्यांनी ती बोथट सुई एकदा टोचून घ्यावी.

दोघांना मूल हवं आहे. इथे मात्र फरक पडला आहे, आणि तो मला फार आवडला. त्यांच्या पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी पहिली डबी नातवाच्या हातात दिली, नातसुनेची फाईल नंतर उघडली. शुक्राणू कमी आले, साखर सीमेवर, कंबर 104 सेंटिमीटर. वजन उतरवा आणि नंतर पुन्हा तपासू, म्हणाल्या. शुक्राणू तयार व्हायला साधारण 74 दिवस लागतात, तेव्हा आजच्या नमुन्यात मागच्या अडीच महिन्यांचं खाणंपिणं दिसतं, आणि पुढच्या गणपतीच्या सुमाराला मे महिन्यातले हे दोन वडे दिसतील, असं नातवाने आजीला समजावलं. त्याने हे सगळं ओटीवर, बापासमोर, मोठ्या आवाजात सांगितलं. त्याचा आजा तीन प्रश्नांतल्या तिसऱ्याला गप्प बसला होता.

मामीने सगळं ऐकून घेतलं आणि मग विचारलं, आंगणेवाडीची जत्रा यंदा कधी आहे. ती तारीख पंचांगात नसते, देवीच्या कौलावर ठरते, हे नातवाला माहीत नव्हतं. लॅबची तारीख त्याच्या फोनमध्ये होती. नवस ती बोलून बसली आहे, हे उघडच होतं. मी म्हटलं, मामी, आता रिपोर्ट येईल ना, नवस कशाला? ती म्हणाली, 'रिपोर्ट बरो इलो तर देवीन दिल्यान. वायट इलो तर डॉक्टर बदला.'